त्या गरोदर नाहीत

भाडेकरू ठेवणं आणि गुपित ठेवणं ही दोन कामं माणसानं एका वेळी अंगावर घेऊ नयेत, हा सल्ला मी आता कुणालाही फुकट द्यायला तयार आहे. पण हल्ली मला सल्ला विचारतो कोण? मला पाहिलं की लोक मोबाईल काढतात आणि म्हणतात, "काका, एकदा ते म्हणा ना." ते म्हणजे काय, ते ओघात येईलच. मला सांगायची घाई नाही.

मी चिंतामणी खोपकर. अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात अधिकारी होतो, आता निवृत्त. राहायला बदलापूरला, सोनिवलीत, तिसऱ्या मजल्यावर. समोरचा फ्लॅट आमच्या समीरसाठी घेऊन ठेवला होता. समीर बंगळूरला गेला तो तिथलाच झाला, आणि त्या फ्लॅटमध्ये पद्मजाचे पापड आणि माझी जुनी पुस्तकं राहू लागली. तेव्हा म्हटलं, अकरा महिन्यांच्या करारानं देऊन टाकू. त्यात काय एवढं? माझ्या आयुष्यातली सगळी संकटं या 'त्यात काय एवढं'नं सुरू झाली आहेत, लग्न धरून. हे वाक्य पद्मजा वाचणार नाही अशी आशा आहे.

एजंटानं एक मुलगी आणली. तेल लावून घट्ट वेणी, जाड चष्मा, साधा पंजाबी ड्रेस. नाव इरा. मला वाटलं शाळेत शिक्षिका असेल. पद्मजा चहा घेऊन आली, मुलीकडे बघितलं आणि ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली.

"अहो, ही शलाका आहे."

"नाही गं, इरा म्हणून सांगितलंय त्यांनी."

"तुम्ही गप्प बसा. 'सासर हेच सोनचाफा'मधली शलाका."

आता मी मालिका बघत नाही. बघत नाही म्हणजे पेपर वाचत बसतो, आणि पेपराच्या वरून जेवढं दिसतं तेवढंच बघतो. त्यामुळे शलाका ही घरची थोरली सून, ती वर्षभराहून जास्त काळ गरोदर आहे, आणि नुकतंच तिला धाकट्या जावेनं जिन्यावरून ढकललं म्हणून ती कोमात आहे, एवढं जुजबीच मला ठाऊक होतं.

इरा हसली. "कोमाचे सगळे सीन एकदम शूट करून टाकलेत काकू. आता महिना-दीड महिना सुट्टी आहे. म्हणूनच घर बघतेय. पुढेही सुट्टी मिळेल तशी येऊन राहीन. अट एकच आहे. मी इथे आहे हे कुणाला कळता कामा नये."

"पण इतक्या लांब बदलापूरला येऊन करणार काय?" मी विचारलं.

ती जरा लाजली. "गाऊन घालून, खांद्यावर ओढणी टाकून, खाली भाजी आणायला जायचंय. आणि भाजीवालीशी भांडायचंय."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण पद्मजाचा चेहरा बघून मी हसू आवरलं. इरा सांगत होती की, तीन वर्षांपूर्वी तिनं कोथिंबिरीच्या जुडीवरून एकदा घासाघीस केली होती. मागून कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. संध्याकाळपर्यंत सगळीकडे 'लाडकी सून निघाली चिंधीचोर' असं झालं, आणि खाली लोकांनी तिच्या आईवडिलांचे संस्कार काढले. तेव्हापासून भाजी ड्रायव्हर आणतो. गेल्याच महिन्यात तिच्या वडिलांना आयसीयूत ठेवलं होतं. ती दाराशी रडत उभी होती, तर एका बाईनं येऊन खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "शलाका, तू कोमातून उठलीस कधी?"

"आता कसे आहेत वडील?" पद्मजानं विचारलं.

"बरे आहेत. घरी आले," ती म्हणाली. "पण तुम्ही हे विचारणाऱ्या पहिल्याच काकू."

मला गलबलून आलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मुली, खोपकरांचा शब्द आहे. या कानाचं त्या कानाला कळणार नाही." पद्मजानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला नंतर कळला.

दुसऱ्याच दिवशी पद्मजा उल्हासनगरला, कॅम्प चारला, गाऊन आणायला गेली. दुकानदारानं पहिल्यांदा काय काढून दाखवावं? "भाभी, ये देखो, शलाका प्रिंट. घर-घर में चल रहा है." आता शलाकालाच शलाका प्रिंट कसा न्यायचा? पद्मजानं निळ्यावर मोठी पिवळी फुलं असलेला, लांबूनही डोळ्यांत भरणारा आणि म्हणूनच आमच्या भागात कुणालाही न दिसणारा गाऊन निवडला. इरानं तो छातीशी धरला. पुरस्कार घेताना सुद्धा ती एवढी खूश दिसली नव्हती, असं पद्मजा म्हणाली. मी पुरस्कार सोहळा बघितला नव्हता, पेपर वाचत होतो.

इथपर्यंत सगळं सुरळीत. पुढे सोसायटीची एनओसी आली. आमचा सेक्रेटरी अभिजीत हा माझ्या मुलाच्या वयाचा, पण खुर्चीत बसला की माझ्या वडिलांच्या वयाचा होतो. फॉर्म, तीन फोटो, आधार, पोलीस पडताळणीची पावती, सगळं त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं फोटो उलटासुलटा करून बघितला.

"काका, व्यवसाय 'खाजगी नोकरी' लिहिलंय. काय करतात या?"

"तशा कामात असतात. सध्या पडून आहेत."

"पडून म्हणजे? आजारी? मग डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल."

"आजारी नाहीत हो. शुद्धीवर आहेत."

आता खोटं न बोलता गुपित ठेवायचं म्हणजे असंच व्हायचं. अभिजीतनं पेन खाली ठेवलं आणि ऑफिसात बसलेल्या चार लोकांसमोर मला म्हणाला, "काका, भाडेकरू जरा पारखून घेत चला. मागे गच्चीचा वॉटरप्रूफिंगवाला पण तुम्हीच आणला होता."

वास्तविक त्या वॉटरप्रूफिंगमध्ये माझा काहीही दोष नव्हता, तो पाऊसच वेगळ्या कोनातून आला. पण तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला चारचौघांत गच्चीवरून बोलायचं? माझा तोल गेला. मी म्हणालो, "अभिजीत, घराघरांत ओळखतात त्यांना. तुझ्या घरी रोज साडेसातला येतात."

एवढंच बोललो. नाव घेतलं नाही. हे मी पद्मजाला नंतर पुष्कळ वेळा समजावून सांगितलं.

साडेसातला घराघरांत कोण येतं हे शोधून काढायला आमच्या बिल्डिंगच्या बायकांना चहा उकळेपर्यंतचा वेळही लागला नाही. या बायकांच्या पुढारी म्हणजे तळमजल्यावरच्या माई. भिशी, हळदीकुंकू, कुणाच्या घरी पाणी कमी येतं, कुणाच्या सुनेचं माहेर कुठलं, सगळा कारभार माईंकडे. वय ऐंशीच्या घरात, आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत.

आणि मग सल्ले सुरू झाले. "चिंतामणराव, तिला वरचं काही काढायला लावू नका हो. दिवस आहेत तिचे." "काका, कठडा हलतोय आपला, आधीच एकदा जिन्यावरून पडलीय बिचारी." मी चार वर्षं अर्ज देत होतो त्या कठड्याला एका दुपारात वेल्डिंग झालं. पायऱ्यांना न घसरणाऱ्या पट्ट्या लागल्या. दारात डिंकाच्या लाडवांचा डबा आला. मी सांगत होतो की, ही कुणीतरी वेगळी आहे, पण मग शेजारणी म्हणत, "असू दे हो, आम्ही कुणाला बोलणार नाही," आणि मान वाकडी करून माझ्या खांद्यावरून आत बघत.

इरा रोज सकाळी गाऊन घालायची, ओढणी घ्यायची, पिशवी उचलायची आणि दार किलकिलं करून बघायची. बाहेर कुणीतरी असायचंच. कुणी पट्टीचा कोपरा दाबत असे, कुणी उगाच आमचा मीटर वाचत असे. ती दार लावून घ्यायची आणि पिशवी खुंटीला लावायची. रजा सरत चालली होती. मला तिच्या समोर जायची लाज वाटू लागली.

एक दिवस तिनं आमटीला चिंच मागितली. मी कोपऱ्यावर राजाबाईकडून चिंच आणली. राजाबाई सोनिवली गावातली, रोज सकाळी नाक्यावर भाजी घेऊन बसते. येताना जिन्यात कीर्ती भेटली. ही पहिल्या मजल्यावरची सून, जे दिसेल त्याचं रील करते. तिनं पिशवीत डोकावून बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी चिंच मुठीत लपवली. लपवायला नको होती.

दुसऱ्या दिवशी सोमवार उजाडला. पद्मजा शिवमंदिरात दर्शनाला अंबरनाथला गेली होती. मी अंघोळीला बसलो होतो, अंगाला साबण लावलेला, आणि जिन्यात बांगड्यांचा आवाज आला. मग माईंचा आवाज, "कीर्ती, फुलांची वाडी नीट धर गं, हार चुरगळेल." मी दार उघडून पाहिलं. बिल्डिंगमधल्या यच्चयावत बायका हिरव्या साड्या नेसून वर येत होत्या. ताटात खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत बर्फी, एकीत पेढा, मुलगा की मुलगी ते बघायला. मागून दोघीजणी पाट आणि फुलांनी सजवलेलं धनुष्य घेऊन येत होत्या. डोहाळजेवण.

मी कमरेला लाल पंचा गुंडाळला आणि जिन्याच्या तोंडाशी आडवा उभा राहिलो.

"माई, अहो हे काय?"

"बाजूला व्हा. पोरीचं सासर ते तसलं, कोण करणार तिचं?"

"माई, ती मालिका आहे."

"मालिका खोटी असते हे कळतं हो मला, मी काय अडाणी आहे? पण एवढं पोट वर्षभर खोटं कोण बांधून हिंडेल? शिवाय काल चिंच कुणी नेली?"

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. माईंनी ताट पुढे केलं आणि बंद दाराकडे बघून अगदी मायेनं हाक मारली, "उघड गं शलाका. कोमातून उठलीस, फार बरं झालं. आधी ओटी भरू दे."

आयसीयूच्या दारात ऐकलेलं तेच वाक्य. दाराच्या आत ती उभी होती हे मला माहीत होतं, खालच्या फटीत गाऊनची पिवळी फुलं दिसत होती. माझं डोकं फिरलं. मी पंचा एका हातानं धरून, दुसरा हात वर करून ओरडलो, "त्या गरोदर नाहीत! मला पक्कं माहीत आहे!"

साबण डोळ्यांत गेला होता, त्यामुळे कीर्तीच्या हातातला मोबाईल माझ्याकडे वळलेला मला दिसलाच नाही. ती बिचारी ताटांचं रील करत होती.

दुपारी पद्मजा परत आली. चप्पल काढायच्या आधी तिनं विचारलं, "तुम्हाला पक्कं कसं माहीत?"

मंदिराबाहेर रिक्षाच्या रांगेत एका अनोळखी बाईनं तिला व्हिडिओ दाखवला होता. "बघा ना वहिनी, काय चावट म्हातारा आहे," असं म्हणून. पद्मजानं, "हो ना, बाई," म्हटलं आणि तोंडावर पदर घेऊन रिक्षात बसली. चाळीस वर्षांच्या संसारात मला परकं म्हणायची तिच्यावर वेळ आली नव्हती.

संध्याकाळी माई एकट्याच वर आल्या, हातात डबा. तोवर कीर्तीनं व्हिडिओ काढून टाकला होता, पण तो आता तिच्या हातात राहिला नव्हता. मी काही बोलायच्या आत माईंनी समोरचं दार वाजवलं. इरानं उघडलं. माईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"पोट खरंच नाही की गं," माई म्हणाल्या. मग डबा पुढे केला. "नारळीभात आहे. गरोदर नसलेल्यांना पण भूक लागते. आणि माझं चुकलं, मला तोंड आवरत नाही."

इरा तिथेच उंबऱ्यात बसून जेवली. माई तिच्या वडिलांची तब्येत विचारत होत्या. खाली जाऊन माईंनी भिशीतल्या सगळ्यांना बजावलं की, जी बाहेर ब्र काढील तिचं नाव भिशीतून कट. त्यानंतर ती गोष्ट बिल्डिंगच्या बाहेर गेली नाही. बँकेच्या लॉकरला जमणार नाही असा बंदोबस्त भिशीनं केला.

पण माझं काय? व्हिडिओत इरा नव्हतीच. बाई कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाला पडलंही नव्हतं. लोकांना मी पुरत होतो. माझ्या वाक्यामागे ढोल लावले. कुणी तेच वाक्य क्रिकेटच्या अंपायरच्या तोंडी घातलं. कॅम्प चारच्या त्याच दुकानात माझ्या वाक्याचे टी-शर्ट आले आणि दुकानदारानं पद्मजाला, "भाभी, ये भी बहुत चल रहा है," म्हणून दाखवले. केमिस्टकडे खोकल्याचं औषध मागितलं तर तो म्हणाला, "काका, कपड्यांत ओळखलंच नाही तुम्हाला." समीरचा फोन आला. तो नुसता श्वास घेत राहिला. बाल्कनीत पंचा वाळत घातला की खाली पोरं उभी राहून फोटो काढत. शेवटी पद्मजा पंचा बाथरूममध्ये वाळवू लागली. मी बाहेर जाणंच बंद केलं. निवृत्त माणसाचं आयुष्य ते केवढं, दूध, पेपर, नाक्यापर्यंत फेरी. तेही गेलं.

इरा समोरून रोज यायची. ती बिचारी खालच्या पोरांच्या मोबाईलमुळे घरात कोंडलेली, मीही कोंडलेला. एका संध्याकाळी ती मला शिकवू लागली. "काका, टोपी घालू नका, टोपीनं जास्त बघतात. हसायचं, पण ओठ मिटून. कुणी ते वाक्य म्हणायला सांगितलं तर घाईत आहे म्हणायचं. आणि काही झालं तरी थांबायचं नाही. चालत राहिलं तर एकटादुकटा येतो. थांबलं की गर्दी झालीच, मग सुटका नाही."

"आणि तू भाजीला कधी जाणार?" मी विचारलं.

ती खाली बघू लागली. "सोमवारपासून शूटिंग आहे. टीआरपी पडला म्हणून शलाकाला लवकर शुद्धीवर आणतायत."

म्हणजे रविवारची सकाळ एवढीच उरली होती. मी म्हणालो, "मी येतो बरोबर." पद्मजा नको म्हणाली. पण मी पुन्हा, त्यात काय एवढं, म्हणालो.

रविवारी नाका भरलेला होता. इरा निळ्या गाऊनमध्ये, ओढणी खांद्यावर, केस क्लिपमध्ये कोंबलेले, पायात पद्मजाची जुनी स्लीपर. मी पुढे, ओठ मिटून हसत, चालत. कुणी "ओय काका" म्हणालं, मी चालत राहिलो. इरा राजाबाईसमोर उकिडवी बसली आणि भेंडी निवडू लागली. एवढ्यात क्लासवरून येणाऱ्या चार-पाच मुलींपैकी एक थबकली. इराकडे बघत मैत्रिणीला म्हणाली, "सुन ना, ती बघ, ती सेम टू सेम..." आणि मोबाईल बाहेर काढला.

इराची पाठ ताठ झाली. भेंडी हातात तशीच राहिली.

मी थांबलो. रस्त्याच्या मध्यावर, नारळवाल्याच्या गाडीपाशी. एक हात कमरेला लावला, दुसरा वर केला आणि आख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असं ओरडलो, "त्या गरोदर नाहीत! मला पक्कं माहीत आहे!"

मोबाईल गर्रकन वळले. मुली धावत आल्या, त्यांच्यामागे पानवाला, रिक्षावाले, एक आख्खी क्रिकेट टीम. "काका, वन्स मोअर." मी म्हटलं. "काका, पंच्यावर पाहिजे." नारळवाल्यानं खांद्यावरचं फडकं दिलं, मी ते पँटवरून गुंडाळलं. अधिकारी होतो मी, माझ्या सहीशिवाय ड्रम बाहेर जात नसे. कुणाच्या तरी आजोबांसाठी म्हटलं, कुणाच्या नवीन लग्न झालेल्या मित्रासाठी म्हटलं. लाज वाटत होती, घसा बसत चालला होता, आणि डोक्यांच्या मधून मी बघत होतो.

इरा भेंडीची टोकं मोडून बघत होती. एक, मग दुसरी. राजाबाईनं तिच्या हातावर चापट मारली.

"मोडतेस कला गो बाय? घेवाची आसंल त घे, नाय त ठेव."

"जून आहे भेंडी तुमची."

"जून तुजी सासू. कवली हाय ती."

मग दोघी जुंपल्या. इरा उठून निघाली, चार पावलं गेली, राजाबाईनं परत बोलावलं, इरा परत आली, पुन्हा उठली. सगळं रीतसर झालं. शेवटी राजाबाईनं भेंडी पिशवीत टाकली आणि वर मूठभर कढीपत्ता फेकला. फुकट. तो मालिकेतल्या शलाकाला नाही, इराला मिळाला होता. मी तेव्हा फडकं सोडलं आणि नारळवाल्याला परत दिलं.

घरी येताना इरानं पिशवी मला धरू दिली नाही. जिन्यात कढीपत्त्याचा वास घेत होती. पद्मजानं मला गरम पाणी आणि मीठ आणून दिलं, गुळण्या करायला, आणि त्या दिवसापासून 'तुम्हाला कसं माहीत' हा प्रश्न तिनं पुन्हा विचारलेला नाही.

शलाका ठरल्याप्रमाणे शुद्धीवर आली. गरोदर ती अजून आहे. फ्लॅट इराकडेच आहे, पण पुढची सुट्टी कधी, ते तिच्या जावेवर अवलंबून.

परवा मी चिंच आणायला गेलो तेव्हा राजाबाईनं विचारलं, "ती भेंडी मोडनारी बाय कुटं गेली? दिसली नाय."

"कामाला गेली," मी म्हटलं.

राजाबाईनं चिंच मोजली, पुडी बांधली आणि म्हणाली, "भांडाला बरी व्हती."

घरी येऊन मी इराला फोन करून हे सांगितलं. पलीकडे सेटवरचा गोंगाट होता, कुणीतरी "शलाका मॅडम, शलाका मॅडम" अशा हाका मारत होतं. ती फोन घेऊन बाजूला गेली. मग म्हणाली, "काका, एकदा परत म्हणा ना."

मी परत म्हटलं, राजाबाईच्याच आवाजात. तिनं पुन्हा मागितलं. मी पुन्हा म्हटलं.